घरमालकीणबाई भाड्यानं राहायला जातात

एजंट घर दाखवतो, कमिशन घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं जातो. त्यानंतर त्या घराचा नळ गळायला लागतो, मोरी तुंबते, मालकाच्या मेहुण्याला अचानक नेमकं तेच घर हवं असतं, भाडेकरूच्या सासूला जिना चढवत नाही. तेव्हा एजंट फोन उचलत नाही. मी उचलते. आमच्या दोघांच्या धंद्यात फरक एवढाच.

सोलापूरची पोरं शिकली की पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात आणि मागं घरं राहतात. बंद घर माणसासारखंच आजारी पडतं. वाळवी लागते, भिंतीला ओल धरते, अंगणात शेजाऱ्याची गाडी उभी राहायला लागते आणि दोन वर्षांनी ते अंगण आपलंच आहे असं शेजाऱ्याला वाटायला लागतं. म्हणून घर भाड्यानं द्यायचं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी नेमायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. भाडेकरू शोधायचा, करार करून द्यायचा, पोलिसात त्याची माहिती द्यायची, प्लंबरच्या मागं लागायचं, हे सगळं आहेच. पण खरं काम म्हणजे दोन्हीकडचं ऐकून घेणं. मालकाला वाटतं शोभाताई भाडेकरूला सामील आहे, भाडेकरूला वाटतं शोभाताई मालकाची माणूस. दोघांनाही तसं वाटत असलं की समजायचं, काम बरोबर चाललंय.

बाहेरच्या लोकांना वाटतं की घर खाली करून घेणं सगळ्यात अवघड. तसं नाही. अवघड असतं ते मालकाची अट भाडेकरूला न दुखवता सांगणं. "फॅमिली चांगली पाहिजे" ह्या एका वाक्यात आमचे मालक काय काय भरतात ते मला विचारा. चांगली म्हणजे कुठल्या आडनावाची, हे ते जरा लाजत तिसऱ्या वाक्यात सांगतात. माझं आडनाव माहीत असूनही हेच लोक घराच्या चाव्या बिनघोर माझ्या हातात देतात. त्याच घरात मी राहायला येते म्हटलं, तर निम्म्यांना मेहुण्याचं लग्न आठवेल, घर आता त्यालाच लागणार म्हणून. सुरुवातीला मला ह्याचा फार राग यायचा. अजूनही येतो, पण आता सोबत हसूही येतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं चेहरा शांत दिसतो. लोक म्हणतात, शोभाताईंचा स्वभाव लई चांगला.

तर नरसम्मांची गोष्ट.

पूर्व भागात, जिथं अजूनही काही गल्ल्यांत लूमचा खडखडाट ऐकू येतो, तिथं त्यांचं दुमजली घर होतं. घरात बोलायची भाषा तेलुगू, बाहेर मराठी. त्यांच्या मराठीत पाणी 'आली' आणि वास 'आली', पण अर्थ समजला नाही असं कधी झालं नाही. नवरा टॉवेलचे लूम चालवायचा. तो गेल्यावर लूम विकले. मुलगा व्यंकटेश पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. खालच्या मजल्यावर नरसम्मा एकट्या, वरचा मजला भाड्यानं. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची आणि जरा लांबूनच म्हणायची.

व्यंकटेशनं मला फोन केला तेव्हा त्यानं घराचं काहीच सांगितलं नाही, आईचंच सांगितलं. "शोभाक्का, वर एकही भाडेकरू टिकत नाही. तुम्ही मध्ये पडा."

अम्मांच्या अटी मला तोंडपाठ झाल्या होत्या. नऊ वाजता गेट बंद. पाहुणा दोन रात्री, तिसऱ्या रात्री त्यानं स्वतःचं घर आठवायचं. भिंतीला खिळा नाही. वर काही कुटायचं नाही, दळायचं नाही. आणि पाणी आलं की आधी खालची टाकी. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, सोलापूरकरांना त्याच्यावरच घड्याळ लावता येतं. अम्मांच्या हिशेबानं जगात माणसं दोनच जातींची, नळ नीट बंद करणारी आणि न करणारी. त्यामुळं एक झालं. मी वरच्या मजल्याला नवी भाडेकरू म्हणून रिझवानाला घेऊन गेले तेव्हा मनात धाकधूक होती की अम्मा नाव ऐकून काय म्हणतील. अम्मांनी नाव ऐकलंच नाही. "माणसं किती? पाणी किती लागतो?" एवढंच विचारलं आणि हो म्हणाल्या.

रिझवानाचा नवरा सलीम शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या वाटणीचं सगळं रिझवाना बोलायची. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. आमच्याकडं गणवेशाचा मोठा धंदा आहे, कितीतरी बायका घरी शर्टाच्या कॉलरी लावतात. ती राहायला आली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला.

"शोभा, वर मटण केली. खाली वास आली."

"अम्मा, तुम्ही पण मटण खाता की."

"खाते. म्हणून तर कळला. खोबरं जास्त भाजली तिनं. जाऊन सांग."

पाच मिनिटांनी वरून फोन. "शोभाताई, अम्मा जिन्यात खडी होऊन नाक वर करून वास घेती. मेरेकू हसू आवरत नाही. बोलू का तिला, जेवायला ये म्हणून?"

"बोल की."

"नक्को. आयी तो मीठ कम है बोलेगी."

असं ते चालायचं. गेटवरून, मोटरवरून, गच्चीवरच्या दोरीवर कुणाचे कपडे आधी, ह्याच्यावरून. मी दोघींचं ऐकायचे, दोघींना "व्हय, सांगते तिला" म्हणायचे आणि कुणालाच काही सांगायचे नाही. धंद्यातली ही युक्ती फुकट देते आहे.

बिघडलं ते मशीनवरून. रिझवानाला काम वाढलं, तिनं पायाचं मशीन काढून मोटरची दोन मशीनं आणली. खाली अम्मांच्या डोक्यावर दिवसभर टर्रर्र टर्रर्र. मला समेटाला बोलावलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर मी, खाली अम्मा, वर रिझवाना.

"अम्मा," रिझवाना म्हणाली, "सारी जिंदगी तुमची लूमच्या आवाजात गेली. मेरा एक मशीन तुमच्या कानाला लागतो?"

"लूम माझा होता!" अम्मा म्हणाल्या.

मालक आणि भाडेकरू ह्यांच्यात काय फरक असतो ह्याच्यावर मी एवढी वर्षं जे शिकले, ते त्या तीन शब्दांत आहे.

रिझवानानं करार संपायच्या आत घर सोडलं. जायच्या दिवशी सामान टेम्पोत भरलं, गेटची कडी नीट लावली आणि एक शब्द न बोलता गेली. अम्मांना तेच लागलं. "भांडली पण नाही," त्या मला म्हणाल्या. "असं कोण जातो का?"

नंतरच्या काही वर्षांत रिझवानाचं चांगलं झालं. शाळांच्या मोठ्या ऑर्डरी मिळाल्या, होटगी रोडच्या बाजूला तिनं दुमजली घर घेतलं. वर स्वतः राहायची, तिथंच मशीनं, खालचा मजला भाड्यानं. बघायला अर्थात मीच.

आणि इकडं अम्मांच्या घराला भेगा पडल्या. व्यंकटेश बिल्डरला घेऊन आला. जुनं पाडायचं, तिथं फ्लॅट उभे करायचे, त्यातले दोन अम्मांचे. कागद झाला, तारीख ठरली. फक्त अम्मांनी तोवर कुठं राहायचं हे राहिलं. व्यंकटेश म्हणाला पुण्याला चल. अम्मा म्हणाल्या, "तिथं सकाळी उठून मी कोणाशी बोलू? लिफ्टशी?"

म्हणून मी अम्मांना भाड्यानं घर बघायला निघाले.

पहिलं घर जुळे सोलापुरात, नव्या वस्तीत. मालक नोकरीतून निवृत्त, शर्ट पँटीत खोचलेला, बोलणं गोड. "एकट्याच राहणार का? वय काय म्हणता? नाही, म्हणजे... काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मी काही बोलायच्या आत अम्मा म्हणाल्या, "काही झाला तर म्हणजे? मी मेली तर?"

"अहो, तसं कुठं म्हणतोय मी..."

"मी मेली तर तुझा घर खाली होतो. जिवंत भाडेकरू असा सोडतो का? विचार शोभाला."

त्यांनी मला विचारलं नाही. आम्ही उन्हात बाहेर आलो.

दुसऱ्या घराची मालकीण अम्मांच्याच वयाची, अम्मांच्याच वळणाची. खुर्चीत बसून तिनं एकेक अट सांगितली. गेट किती वाजता, पाहुणे किती दिवस, खिळा नाही, पाटा-वरवंटा नाही. अम्मांचा शेंगाची चटणी कुटायचा खलबत्ता म्हणजे त्यांचा जीव. त्या घरच्या चटणीशिवाय भाकरीला हात लावत नाहीत. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "काय बाई आहे! असं कोण विचारतो का?"

"अम्मा, तुम्ही असंच विचारत होता."

"मी विचारत होते. पण मी नीट विचारत होते."

नंतर बऱ्याच ठिकाणांहून फोनवरच नकार आला. कुणी म्हणालं, मोठी फॅमिली पाहिजे. कुणी म्हणालं, एकटं माणूस नको. एकानं घरात कुठली भाषा बोलतात ते विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. अम्मांचं बोलणं कमी होत गेलं. एकदा रसाच्या गाडीवर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो होतो, तर ग्लास तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "शोभा, माझ्या तोंडात काय खोट आहे?"

मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. म्हटलं, "अम्मा, तुम्हाला आता कळतंय. माझ्या पोरीला लग्नानंतर घर मिळेना तेव्हा ती मला हेच विचारत होती. मी स्वतः घरं भाड्यानं देणारी बाई, आणि माझ्याच पोरीला देऊ शकले नाही."

अम्मांनी माझ्याकडं बघितलं. मग रसवाल्याला म्हणाल्या, "हिच्या रसात आलं घाल." मलाही दुसरं काही नको होतं.

बिल्डरचे रोज फोन यायला लागले. त्याच आठवड्यात रिझवानाचा खालचा मजला खाली झाला.

मी आधी रिझवानाकडं गेले. चहा पिता पिता हळूच विषय काढला. ती हसायला लागली ती थांबेच ना. वर मशीनवर बसलेल्या बायका काम सोडून जिन्यात येऊन बघायला लागल्या. डोळे पुसून रिझवाना म्हणाली, "लाव तिला. पर पयले मैं सवाल पुछती."

अम्मांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिच्याकडं पाणी कसा आहे?"

"बोअर आहे."

"मग चल."

मुलाखत रिझवानाच्या हॉलमध्ये झाली. रिझवाना सोफ्यावर. अम्मा प्लास्टिकच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर. मी मध्ये. सलीम एकदा दारात डोकावला, वातावरण बघितलं आणि व्हॅन धुवायला निघून गेला.

"नाव?" रिझवाना म्हणाली.

"तुला माहीत नाही?"

"भाडेकरूनं उलट विचारायचं नाही. नाव?"

"नरसम्मा."

"गेट नौ बजे बंद. पाहुणा दो रात. खिळा नक्को. कुटनेका आवाज नक्को."

कुटण्याचं नाव निघालं आणि अम्मांच्या मानेची शीर ताठ झाली. मला वाटलं, संपलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "चटणी?"

"क्या चटणी?"

"मी चटणी कुटली तर तू खाणार का नाही?"

रिझवानानं माझ्याकडं बघितलं, वर बघितलं. "खाणार," ती शेवटी म्हणाली. "पर आवाज दोपहर में. सकाळी मेरी बायकांना काम असतं."

"सकाळी कोण चटणी कुटतो?" अम्मा म्हणाल्या. "अक्कल आहे का तुला?"

"शोभाताई, करार लिव्हून टाक," रिझवाना म्हणाली. "मेरेकू भाडेकरू पसंत है."

व्यंकटेशला हे कळलं तेव्हा त्यानं पुण्याहून फोन केला. आपले लोक काय म्हणतील, गल्लीतले काय म्हणतील, दुसरं घर शोधून द्या, वगैरे. अम्मांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तुझ्या लोकांनी घर दिला का मला? दिला असला तर पत्ता सांग, आत्ता जाते." त्यानं पत्ता सांगितला नाही.

अम्मा भाडेकरू म्हणून कशा होत्या? मी धंद्यात बरेच भाडेकरू बघितले. एकानं बाथटबमध्ये मासे पाळले होते. एक जण गच्चीवर मारुतीच्या देवळाएवढी पाण्याची टाकी बसवून बसला. पण अम्मांसारखा त्रास कुणीच दिला नाही. आल्या आल्या भिंतीत खिळे मारले, देवाचे फोटो लावले. कुंड्यांना एवढं पाणी घातलं की ते रस्त्यावर गेलं, आणि मग रस्त्यावर पाणी कुणी सोडलं म्हणून शेजाऱ्यांशी त्याच भांडल्या. वरच्या शिलाईच्या बायकांची दुपारची सुट्टी किती वेळ असावी हेही त्या ठरवायला लागल्या. एकदा रिझवाना आणि सलीम नात्यातल्या लग्नाला गेले होते. यायला जरा उशीर झाला. माझा फोन वाजला.

"शोभाताई, मैं मेरेच घर के बाहेर खडी है."

"का गं?"

"तुम्हारी अम्मानं गेटला कुलूप लावलं. बोलती, नौ के बाद गेट बंद, तूच बोली होतीस."

मागून अम्मांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "मालकिणीला वेगळा नियम का? करारात लिहिलं का तसं?" करारात खरंच तसं लिहिलेलं नव्हतं. मी अर्धा तास फोनवरून समेट केला. तोवर सलीम शांतपणे व्हॅनमध्ये जाऊन झोपला होता.

मग एक दिवस असं झालं की पालिकेचं पाणी आलं आणि खालून काहीच आवाज आला नाही. बोअर असला तरी पिण्याचं पाणी नळाचंच. पाणी आलं की अम्मांची हाक सगळ्या गल्लीला जायची. त्या दिवशी हाक नाही, मोटर नाही, बादलीचा आवाज नाही. रिझवाना वर चहा करत होती. ती मला नंतर म्हणाली, "शोभाताई, पाणी आ के भी अम्मा गप्प है म्हणल्यावर मेरे हाथ से चाय का गंज सुटा." ती धावत खाली आली, दार वाजवलं, उत्तर नाही. तिनं स्वतःच्याच घराच्या दाराची कडी खांद्यानं तोडली. अम्मा तापानं फणफणून जमिनीवर पडल्या होत्या.

रिक्षा मिळेना. सलीमची व्हॅन दारात उभी होती, पोरांनी भरलेली. त्यानं पोरांना एकमेकांच्या मांडीवर बसवलं, अम्मांना मधल्या सीटवर आडवं केलं, आणि आधी दवाखाना, मग शाळा असा रस्ता धरला. रिझवानानं अम्मांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रिझवानाच्या फोनवरून मी दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा व्हॅन येतच होती. आतली सगळी पोरं चिडीचूप, डोळे मोठे करून आजीकडं बघत होती. अम्मांनी उतरवताना डोळे उघडले, समोरच्या पोराच्या गळ्याशी बोट नेलं आणि म्हणाल्या, "रिझवाना, ह्याची कॉलर तिरकी शिवली कोणी?"

"मेरीच है," रिझवाना रडत म्हणाली. "तुम अच्छी हो जाव, फिर उसवते."

डेंग्यू निघाला. अम्मा बऱ्या झाल्या, पण जरा वेळ लागला. तेवढे दिवस डबा रिझवानाकडून यायचा आणि तो मीठ कमी आहे म्हणून परत जायचा. खाऊन झाल्यावर. व्यंकटेश पुण्याहून आला तेव्हा माझ्यावर ओरडायच्या तयारीनंच आला होता. खाटेशी बसून भांडणाऱ्या दोघींकडं बघून तो नुसताच उभा राहिला. मग सलीमजवळ गेला आणि काही न बोलता त्याचा हात धरला. सलीमही काही बोलला नाही. सलीमच्या हिशेबानं तो बराच लांबलचक संवाद होता.

इथंच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण भाड्याच्या घराची गोष्ट घर खाली होईपर्यंत संपत नसते.

अम्मांचे फ्लॅट तयार झाले. लिफ्ट लागली, रंग लागला, चाव्या मिळाल्या. इकडं रिझवानाला खालचा मजला हवा होता. शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते, मशीनं वाढली होती, बायकांना बसायला जागा नव्हती. मी अम्मांना सांगायला गेले की आता जायचं. अम्मा गहू निवडत होत्या.

"नोटीस आहे का?" त्यांनी विचारलं.

"नोटीस कशाला अम्मा? तुमचा स्वतःचा फ्लॅट तयार आहे की."

"भाडेकरूला महिन्याची नोटीस लागते. तूच शिकवलीस. लेखी आण."

मी आजवर कितीतरी हट्टी भाडेकरूंना घराबाहेर काढलं. पोलिसाच्या भीतीनं, गोड बोलून, एकदा तर नुसता माझा रडका चेहरा करून. पण जिला स्वतःचे दोन नवे फ्लॅट आहेत अशा बाईला भाड्याच्या घरातून कसं काढायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रिझवानाही चिडली. "मेरा धंदा बसेगा, शोभाताई. कितने दिन थांबू?" तिचं बरोबर होतं. अम्मांचं काय चाललंय तेही मला दिसत होतं. दोघींचं बरोबर असलं की माझं काम बंद पडतं.

शेवटी मी नोटीस लिहिली. रिझवानानं सही केली आणि अम्मांना मराठी वाचता येत नाही म्हणून तीच वाचून दाखवायला खाली आली. उंबऱ्यात उभी राहून वाचायला लागली. "आपणास कळवण्यात येते की सदर जागेची मला स्वतःच्या वापराकरिता आवश्यकता असल्याने..." इथवर आली आणि थांबून कागदाची घडी घालायला लागली.

"नीट वाच," अम्मा म्हणाल्या. "मालकिणीसारखी वाच."

रिझवानानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटपर्यंत. अम्मांनी कागद घेतला, घडी केली, कमरेला खोचला. "सरे," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "नियमानं काढलीस. आता जाते." आणि नोटिशीचा महिना पुरा न करता दोन दिवसांत गेल्या. जाताना गेटवर उभं राहून अर्धा तास दोघी भांडल्या. खिळ्यांची भोकं कोण बुजवणार, कुंड्या कुणाच्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवून कंटाळला. मला मात्र फार बरं वाटत होतं.

आता खालच्या मजल्यावर रिझवानाची मशीनं चालतात. अम्मा आठवड्यातून एकदा रिक्षा करून जातात, शिलाईत चुका काढतात, मटणाला नावं ठेवून जेवतात आणि परत येतात.

आणि दुसरा फ्लॅट भाड्यानं द्यायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मला वाटलं होतं, एवढं सगळं भोगल्यावर अम्मा बदलल्या असतील. छे! जुन्या अटी सगळ्या जागच्या जागी, वर रिझवानाकडून शिकलेल्या दोन नव्या. बँकेतलं एक जोडपं आणलं. फार सज्जन, प्रत्येक अटीला "हो आजी, चालेल आजी". ते गेल्यावर अम्मा म्हणाल्या, "नको. हे माणसं आहेत का उशी?" चिंचोळी एमआयडीसीतला एक इंजिनिअर आणला, तोही असाच मऊ. नको.

शेवटी माझ्याकडं फक्त महादेवीबाई राहिल्या होत्या. दुधनीच्या, निवृत्त नर्स. नवरा नाही, मूलबाळ नाही. औषधपाण्यासाठी सोलापुरात राहायचं होतं, आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला कुणी घर देत नव्हतं. पायऱ्या चढून-उतरून त्या जेरीला आल्या होत्या. मी त्यांना लिफ्टमध्ये म्हटलं, "जरा गोड बोला हं." त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही.

अम्मांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाणी किती लागतो?"

"प्यायला नि आंघोळीला. तुमाला लागतंय तेवढंच."

"पाहुणे?"

"आले तर काय हाकलून देऊ?"

अम्मांची भुवई वर गेली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"भांडता येतो का?" अम्मांनी विचारलं.

महादेवीबाईंनी पिशवी उचलून खांद्याला लावली. "यव्वा, तुमी घर भाड्यानं देताय का कुस्ती लावताय? द्यायचं असलं तर द्या, न्हाय तर न्हाय म्हणा. सकाळपास्नं हिंडतीया मी, पाय तुटलेत माजे. आनि बसा म्हणून तरी म्हणायची रीत हाय का न्हाय तुमच्यात?"

मी डोळे मिटून घेतले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अम्मांनी स्वतःची खुर्ची महादेवीबाईंकडं ढकलली होती आणि माझ्याकडं वळल्या होत्या.

"बघत काय राहिलीस, शोभा? चावी दे तिला."